दसऱ्याच्या आसपास

पुण्यात ज्याने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे, त्याला कुणी "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारत नाही. "पझेशन कधी?" एवढंच विचारतात. दूधवाला विचारतो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये ज्याचं नावही माहीत नाही असा अकाउंट्सवाला विचारतो. तेराव्याच्या जेवणाला भेटलेली आतेबहीण पानात गोड पडायच्या आत विचारते. दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं होतं. मी "ऑऑऑ" असं काहीतरी म्हणालो. त्या काळात मी लोकांना दिलेल्या उत्तरांपैकी तेच सगळ्यांत खरं होतं.

एरवी माझं उत्तर ठरलेलं असे. "दसऱ्याच्या आसपास." ते मला बिल्डरच्या ऑफिसातल्या सीआरएमवाल्या मॅडमकडून मिळालं होतं. कुठला दसरा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चांगल्या घरची माणसं एकमेकांना इतकं खोदून विचारत नाहीत.

सगळ्यांत आस्थेने चौकशी करत ते आमचे घरमालक काका. भाडेकराराचे अकरा महिने भरत आले की ते जिना चढून वर येत.

"मग? पझेशन?"

"दसऱ्याच्या आसपास म्हणतायत, काका."

"अरे वा! मग पुढच्या अकरा महिन्यांचा करार करूनच टाकू. भाडं तेवढं दहा टक्के वाढेल."

माझ्या बिल्डरचा माझ्यापेक्षा काकांचा अभ्यास दांडगा होता.

या सगळ्याला सुरुवात झाली २०१९ साली. हिंजवडीच्या अलीकडे आणि नकाशाच्या पलीकडे एका माळावर शामियाना घातला होता आणि बाहेर फलक होता, "हिंजवडीपासून फक्त सात मिनिटं". ही सात मिनिटं कुणीतरी पहाटे तीन वाजता घारीच्या पाठीवर बसून मोजली असावीत. आत एसी, कॉफी आणि टेबलावर इमारतीचं मॉडेल. हिरव्या स्पंजची झाडं, निळ्या काचेचा स्विमिंग पूल आणि पूलच्या काठावर कुत्रा घेऊन उभा असलेला नखाएवढा प्लास्टिकचा माणूस. पुढची कित्येक वर्षं त्या संकुलात राहायला गेलेला तो एकमेव रहिवासी.

मी सेल्सच्या मुलीला विचारलं, "पझेशन कधी?"

"सर, टार्गेट पझेशन की रेरा पझेशन?"

"दोन दोन असतात?"

"हो सर. टार्गेट डिसेंबर २०२१. रेरा डिसेंबर २०२२."

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही खरीच आहेत, सर. एक आमच्या मनातली तारीख आहे, एक कागदावरची."

कागदावरची तारीख ही तशी अलीकडची सोय. बिल्डरांना वेसण घालणारा केंद्राचा रेरा कायदा २०१६ चा, आणि आपल्याकडे तो राबवणाऱ्या महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ मध्ये. त्याआधी ताब्याची तारीख ही बिल्डर आणि परमेश्वर यांच्यातली खासगी बाब होती. आता ती जाहीर करावी लागते, कुणालाही महारेराच्या वेबसाइटवर जाऊन बघता येते. त्यामुळे जाहिरातीत एक आणि सरकारदरबारी एक अशा दोन तारखा ठेवायची पद्धत पडली. गिऱ्हाईक पहिली ऐकून सही करतं आणि दुसरी संपली की भांडायला जातं.

तयार फ्लॅट घ्यावा, असं बायको म्हणत होती. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, हेही तिनेच शोधून काढलं होतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर मात्र ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. म्हणजे जे घर डोळ्यांना दिसतं त्यावर कर नाही, आणि जे दिसत नाही त्यावर आहे. मला यात काहीतरी आध्यात्मिक वाटलं आणि मी चेक फाडला.

पैसे कधी किती द्यायचे याचं एक वेळापत्रक सरकारी नमुन्याच्या करारातच छापलेलं असतं. करार होईपर्यंत १० टक्के, करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०, असं करत करत शेवटचे ५ टक्के ताबा घेताना. वाचायला फार न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात ७० टक्के वसूल होईपर्यंत इमारत रात्रीचा दिवस करून वर जाते. त्यानंतर भिंती, प्लास्टर, फरश्या, दारं, खिडक्या, नळ, लिफ्ट एवढंच फुटकळ काम राहिलेलं असल्यामुळे तिला विशेष घाई उरत नाही.

डिमांड लेटर मात्र कधी चुकलं नाही. त्याची सुरुवात नेहमी "हार्दिक अभिनंदन!" अशी असे. "हार्दिक अभिनंदन! आपल्या इमारतीचा अकरावा स्लॅब पूर्ण झाला आहे." खाली रक्कम आणि ती किती दिवसांत भरायची ते. पुढे पुढे मला त्या शब्दाची इतकी धास्ती बसली, की ऑफिसात प्रमोशन मिळालं तेव्हा साहेब "अभिनंदन" म्हणाले आणि मी "किती?" म्हणून गेलो.

बँकेचं आणखी निराळं. घर नाही, पण त्याचा प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधीचा नुसत्या व्याजाचा हप्ता, आहे. जिथे राहतो तिथलं भाडं आहेच. निदान आयकरात तरी काही सुटेल म्हणून सीएकडे गेलो. तो म्हणाला, जुन्या पद्धतीने कर भरत असशील तर बांधकामाच्या काळात भरलेल्या व्याजाची सवलत मिळते, पण घर पूर्ण झालेल्या वर्षापासून, पाच सारख्या हप्त्यांत, आणि तीही वर्षाच्या २ लाखांच्या मर्यादेत.

"म्हणजे आत्ता काही नाही?"

"पझेशन कधी?"

"दसऱ्याच्या आसपास."

"मग सवलतही दसऱ्याच्या आसपास," तो म्हणाला आणि त्याने माझी फाइल बंद केली.

रविवारी साइटवर जायचं हे आमचं व्रतच झालं. घरी पाहुणे आले तरी आम्ही त्यांना सारसबागेत किंवा सिंहगडावर नेत नसू, साइटवर नेत असू. खाली चिखलात उभं करून वर बघायला लावायचं. "ती निळी ताडपत्री दिसते ना? तिच्या वरचा मजला. आता तिथून उजवीकडे या. तिथे कुणाची तरी लुंगी वाळतेय ना, ते आमचं मास्टर बेडरूम." पाहुणे मान मोडेपर्यंत वर बघत आणि "उजेड चांगला आहे" म्हणत. भिंतीच नव्हत्या. उजेडाला अडवणार कोण?

लुंगी वॉचमनची होती. एकदा त्याला चहाला पैसे दिले तेव्हा तो खुलला.

"साहेब, काय हवा लागती तुमच्या बेडरूमात! पडलं की ढाराढूर."

"कोपऱ्यातल्या का?" बायकोने जपून विचारलं.

"न्हाई वहिनी, त्ये बारकं हाय. म्या मोठ्यात झोपतो."

आमच्या हॉलमध्ये सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. जिथे ओटा व्हायचा होता तिथे विटा मांडून गवंड्यांची चूल पेटत असे, आणि बायकोला ते बघून आपल्या स्वयंपाकघराचं नियोजन किती नेमकं आहे याचं कौतुक वाटे. बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांची पोरं मोठी होऊन त्यांनी शेजारच्या विंगमध्ये बस्तान बसवलं, तरी आम्ही अजून खालीच उभे. घरात शिरणाऱ्यांची एक रांग असते आणि तिच्यात विकत घेणारा सगळ्यांत शेवटी असतो, हे तेव्हा हळूहळू ध्यानात यायला लागलं.

पण मनाने आम्ही कधीच आत गेलो होतो. खिडक्या बसायच्या आधी बायकोने लक्ष्मी रोडवरून पडद्यांचं कापड आणून शिवूनही घेतलं. मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिने आपल्या खोलीला गुलाबी रंग आणि भिंतीवर शिंग असलेला घोडा पक्का केला. ताबा मिळाला तेव्हा ती आठवीत होती आणि तिला भिंती काळ्या हव्या होत्या. घोड्याचं नाव काढलं तरी ती खोलीतून उठून जाई.

उशिराची कारणं सांगण्यात आमच्या मॅडमचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाळू मिळत नाही. मजूर होळीला गावी गेलेत. मजूर गावाहून आलेत, पण मुकादम गेलाय. आचारसंहिता लागली आहे. आर्किटेक्टच्या घरी लग्न आहे.

"सर, यंदा पाऊस झाला ना."

"मॅडम, पाऊस दरवर्षी होतो."

"हो सर. पण यंदा पण झाला."

कायद्यात खरं तर उशिराची कारणं मोजून दिली आहेत. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तसलीच एखादी नैसर्गिक आपत्ती. आर्किटेक्टच्या घरचं लग्न त्या यादीत नाही. करोना आला तेव्हा मात्र खरीच आपत्ती आली आणि महारेराने २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिने मुदत वाढवून दिली. ती योग्यच होती. पण आमच्या मॅडमनी त्या सहा महिन्यांचं असं काही संगोपन केलं, की २०२३ च्या दिवाळीतही त्या फोनवर आवाज खाली आणून "सर, कोविड..." म्हणत आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडत. समोरच्याला वाटावं, घरातलंच कुणी गेलं.

शेवटी आम्ही फ्लॅटधारकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव, "हक्काचं घर, फक्त कामाचे मेसेज". त्यावर सकाळी गुलाबाची फुलं येत आणि रात्री साडेदहानंतर क्रांती सुरू होई. रेराचं कलम १८ सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. मुदतीत ताबा मिळाला नाही तर दोन रस्ते. पैसे व्याजासह परत घेऊन बाहेर पडा, किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. व्याजाचा दर आपल्याकडे स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वांत चढ्या मूळ दरावर, म्हणजे एमसीएलआरवर, २ टक्के, आणि विशेष म्हणजे हप्ता चुकवणाऱ्या गिऱ्हाइकाला जो दर तोच उशीर करणाऱ्या बिल्डरला. ग्रुपवरच्या एका इंजिनिअरने एक्सेल शीट करून प्रत्येकाला आपलं व्याज रुपया-पैशांत काढून दिलं. त्या रात्री आम्ही सगळेच श्रीमंत होऊन झोपलो.

पैसे घेऊन बाहेर पडा, असं कुणीच म्हणत नव्हतं. तेवढ्या पैशांत तोवर त्या भागात कव्हर्ड पार्किंग आणि वर एक नारळ मिळाला असता. त्यामुळे बिल्डरच्या ऑफिसवर धडकायचं ठरलं. "आता माघार नाही" असे पन्नास मेसेज पडले. धडकायच्या वेळी आलो डझनभर. बाकीच्यांचा मनाने पाठिंबा होता.

आत एसी होता. समोसे होते. काजूकतली होती. बिल्डर स्वतः आले, हात जोडून म्हणाले, "मी तुमच्या घरातलाच एक समजा." हे म्हणणं खोटं नव्हतं, कारण आमच्या घरात आमच्याखेरीज सगळे होतेच. मग त्यांनी विचारलं, "बोला, काय अडचण आहे?"

आमच्यातला जहाल नेता, जो ग्रुपवर रोज रात्री त्यांना तुरुंगात पाठवत असे, तो उभा राहिला. खोलीत शांतता पसरली. माझी दुसरी काजूकतली अर्ध्यात थांबली.

"सर," तो म्हणाला, "एकच विचारायचंय. ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा पॉइंट डावीकडे घेता येईल का?"

त्यानंतर सभेचं वळणच बदललं. कुणाला मच्छरदाणीची जाळी हवी होती, कुणाला तुळशीवृंदावनाला जागा. मीही मुख्य दाराला आणखी एक कडी मागून घेतली. बिल्डरनी सगळ्याला "होऊन जाईल" म्हटलं, आणि आम्ही विजयी मुद्रेने खाली आलो. तारखेचा विषय निघाला होता का, असं बायकोने घरी विचारलं. मी म्हटलं, "तो ओघात आलाच असता. पण वेळ संपली."

मग एक दिवस पत्र आलं. "हार्दिक अभिनंदन! फिट-आउट पझेशनसाठी आपली किल्ली तयार आहे." म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते अजून यायचं आहे, पण तुम्ही तोवर सुतार लावा, कपाटं करून घ्या. राहिलेली रक्कम मात्र भरून टाका. आमच्या घरी तोरण आणायची वेळ आली होती. मी वकील मित्राला फोन लावला.

"ओसी आहे?"

"नाही. पण किल्ली आहे."

"किल्ली कोपऱ्यावरचा किल्लीवालाही करून देतो. ओसीशिवाय ताबा नसतो."

"अरे, नुसतं फर्निचर करायचंय. राहायला थोडंच जातोय?"

"सगळे हेच म्हणतात आणि कपाटाबरोबर स्वतः आत जातात. १९६३ चा मोफा कायदा वाच."

वाचला. महाराष्ट्रातल्या फ्लॅटसाठीचा तो जुना कायदा. त्यात पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये, असं लिहिलेलं आहे. ते ठीकच. पण त्यालाच जोडून, कुणी तो घेऊही नये, असंही लिहिलेलं आहे. मी थक्क झालो. कुणीतरी कितीतरी आधीच मुंबईत बसून मला ओळखलं होतं. बिल्डरला आवर घालून भागणार नाही, नवरा-बायको पडद्यांची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभेच असतील, हे त्या माणसाला दिसलं होतं.

मित्राने वर मुंबईतल्या समृद्धी सोसायटीची गोष्ट ऐकवली. तिथले लोक १९९७ पासून ओसीशिवाय राहत होते. त्यापायी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितलं, की ओसी मिळवून न देणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटीच आहे. "म्हणजे पंचवीस वर्षांनी त्यांचं पाहुणेपण मान्य झालं," मित्र म्हणाला. "तुला घाई आहे का?"

घाई होतीच. पण १९६३ च्या धाकाने आम्ही थांबलो. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक जण थांबले नाहीत. कपाटं करायला म्हणून गेले आणि महिन्याभरात गॅसची शेगडी घेऊन गेले. पाणी टँकरचं, वीज साइटची, लिफ्ट मजुरांसाठीची, तीही सहापर्यंत. रविवारी आम्ही खाली चिखलात उभे असलो की ते बाल्कनीतून बादली हातात घेऊन आम्हाला हात करत. आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला त्यांचा हेवा वाटे.

ओसीची वाट बघणं हा एक स्वतंत्र जोडधंदा आहे. अग्निशमनचा दाखला, ड्रेनेजचा दाखला, लिफ्टचा दाखला, झाडं लावल्याचा दाखला. पैकी झाडं लावली होती, पण ती मॉडेलमधल्याच आकाराची होती.

"सर, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे."

"गेल्या महिन्यातही टेबलावरच होती, मॅडम."

"ते टेबल वेगळं होतं, सर."

आणि २०२४ च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला, "ओसी आली!!!" पाठोपाठ पेढे, हार, फटाके, नाचणाऱ्या बायका. दहा मिनिटं नुसता जल्लोष. मग ग्रुपवरच्या एका ज्येष्ठ सभासदांनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो टाकला. खाली एकच ओळ, "उद्यापासून पितृपक्ष."

ग्रुपवर इतकी शांतता याआधी फक्त सोसायटीच्या वर्गणीचा विषय निघाला तेव्हा पसरली होती.

दुसऱ्याच दिवशी बिल्डरचं पत्र. जो माणूस इतकी वर्षं दसऱ्याच्या आसपास सावकाश फिरत होता, त्याला आता एका तासाचाही उशीर खपेना. करारानुसार १५ दिवसांत ताबा घ्या, नाही तर आलात न आलात, मेंटेनन्स चालू. मित्राला विचारलं. तो म्हणाला, कायदाही सांगतो, ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घेणाऱ्याने ताबा घ्यायचा असतो. "तुझ्यावर पण जबाबदारी आहे," हे वाक्य त्याने जरा चवीने म्हटलं.

इकडे आत्याचा फोन. "पितरांत नव्या घरात पाऊल? मी जिवंत असेतो चालायचं नाही." कायदा एका बाजूला आणि आत्या एका बाजूला असा पेच पडल्यावर आम्ही गुरुजींना शरण गेलो. त्यांनी आधी पंचांग उघडलंच नाही.

"ओसी आली का?" त्यांनी विचारलं.

"आली."

"प्रत बघू. राग मानू नका. मागे एका यजमानांनी ओसीआधी वास्तुशांत केली आणि नंतर महापालिकेने खोलीची भिंत पाडली. ब्रह्मस्थान सरकलं ना त्यांचं. पुन्हा सगळा होम करावा लागला."

मग ते म्हणाले, "असं करा. ताबा घ्या, प्रवेश करू नका. सही करायला पितरांची ना नाही. पाय दसऱ्याला घाला."

त्यामुळे ताब्याच्या दिवशी आम्ही आमच्याच दाराबाहेर उभे. खाली ऑफिसात बिल्डरच्या माणसांनी पुठ्ठ्याची चार फुटी सोनेरी किल्ली आमच्या हातात देऊन फोटो काढून घेतला होता. खरी किल्ली कुलपात फिरत नव्हती. साइट इंजिनिअरने खांदा लावून दार उघडलं आणि एक छापील कागद पुढे केला. "सदर सदनिका मी समक्ष पाहिली असून माझे पूर्ण समाधान झाले आहे." मी पॅसेजमध्ये मेव्हण्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. तिथून मला फक्त चपलांचं कपाट ठेवायची जागा दिसत होती. तेवढ्याबद्दल माझं समाधान झालं होतं.

तेवढ्यात सासरेबुवा पुढे झाले. "पितर तुमचे. मला काय त्याचं? मी बघून येतो." ते पोस्टातून निवृत्त झालेले. खिशातून रुपयाचं नाणं काढून त्यांनी पहिल्या फरशीपासून ठोकायला सुरुवात केली आणि आतून बातम्या येऊ लागल्या.

"ही पोकळ!"

"कुठली?"

"दारातली! तिच्या शेजारची पण! अहो, बेडरूमचं बटण दाराच्या मागे आहे. दार लावून आधी अंधारात चाचपायचं की काय? गरम नळाला गार पाणी येतंय!"

"सर, सेटल होईल," इंजिनिअर म्हणाला.

"आणि गार नळाला?" मी बाहेरून विचारलं.

"त्याला काहीच येत नाही!"

मग त्यांनी उतार बघायला बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे न जाता थोडा वेळ घोटाळलं, बाथरूमचा उंबरा ओलांडून पॅसेजमधून हॉलमध्ये आलं, पोकळ फरश्यांवरून पुढे सरकलं आणि मुख्य दारातून बाहेर येऊन माझ्या पायांना लागलं. घराने माझ्याशी आपणहून साधलेला तो पहिला संपर्क.

मी इंजिनिअरला म्हटलं, "हे बघा, कायद्याने पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी तुमची आहे. कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचं असतं."

"हो ना, सर," तो मनापासून म्हणाला. "पाच वर्षं आहेत. घाई कशाला?"

दसरा उजाडला. साडेतीन मुहूर्तांतला, पंचांग बघायला नको असा. त्यामुळे संकुलातल्या प्रत्येकाने तोच धरला होता. गुरुजींची सकाळ दर अर्ध्या तासाला एक घर अशी भरलेली. आमच्या वाट्याला आले पहाटेचे चार. कलश ठेवायचा, दूध उतू घालायचं, वास्तुशांत पुढे निवांत करायची असं ठरलं. गॅस यायचा होता आणि विजेचा मीटर बसायचा होता, म्हणून बिल्डरच्या तात्पुरत्या विजेवर इंडक्शनची शेगडी लावली. पातेलं ठेवलं. बायको पैठणीत, आत्या खुर्चीत, गुरुजींचे मंत्र, सगळ्यांचे डोळे दुधावर. कडेला बुडबुडे यायला लागले आणि अख्ख्या विंगची वीज गेली.

प्रत्येक मजल्यावर पाच-पाच घरं, आणि प्रत्येक घरात त्याच क्षणी इंडक्शनवर दूध चढलेलं. मुख्य स्विच धाडकन पडला होता. बिल्डरचा इलेक्ट्रिशियन बॅटरी घेऊन जिन्यात उभा राहिला आणि ओरडून सांगू लागला, "एका वेळी एकाच मजल्याने दूध उतू घालायचं! दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात! वरच्यांनी शेगड्या काढा!" गुरुजी "मी पुढचं घर उरकून येतो" म्हणून अंधारातच गेले. आम्ही सगळे हवा खायला बाल्कनीत आलो. शेगडी काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. वीज केव्हा आली ते कळलं नाही. आत आलो तेव्हा दूध नव्या ओट्यावरून ड्रॉवरमध्ये गेलेलं होतं. तो मंगल क्षण फक्त वॉचमनने पाहिला. सवयीने तो आमच्याच मोठ्या बेडरूममधून डोळे चोळत बाहेर येत होता.

"झकास गेलं, वहिनी," तो म्हणाला. "पूर्वेकडं गेलं."

वकील मित्र जेवायला आला होता. आता तरी घर माझं ना, असं मी त्याला विचारलं. तो श्रीखंड वाढून घेत म्हणाला, "फ्लॅट तुझा. जमीन अजून बिल्डरच्या नावावर. आधी सोसायटी स्थापन करा, मग कन्व्हेयन्स. त्याने करून नाही दिलं तर सरकारकडे जाऊन डीम्ड कन्व्हेयन्स. त्याला मराठीत मानीव अभिहस्तांतरण म्हणतात." पुरीचा घास माझ्या घशात अडकला तो त्या शब्दामुळेच.

राहता राहिलं ताब्याचं पत्र. ते फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा माझा विचार होता, पण बँकेतून फोन आला म्हणून घेऊन गेलो. काउंटरपलीकडच्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, शिक्का मारला आणि सरळ फाइलमध्ये घातलं.

"मॅडम, ते मूळ आहे."

"मूळ आमच्याकडेच राहतं. कर्ज फिटलं की सगळी कागदपत्रं मिळतील. तुम्हाला हवी तर झेरॉक्स काढून घ्या. समोरच दुकान आहे."

मी झेरॉक्स काढली. दोन रुपये पडले. या सगळ्या व्यवहारात पैसे टाकल्याबरोबर हातात पडलेली ती एकच गोष्ट.